गुगलचे पान बदलले आहे: सीमाभागातील लहान व्यावसायिकांनी आपल्या संकेतस्थळाचे काय करावे?

अनगोळकर

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतील दुकानदार आणि लहान कारखानदार अलीकडे एकच प्रश्न वारंवार विचारत आहेत. गुगलवर नाव दिसते, नकाशावर दुकानही दिसते, मग संकेतस्थळावर येणारी माणसे का घटली? मी याच भागात संकेतस्थळे बांधण्याचे आणि त्यांची देखभाल करण्याचे काम करतो. जाहिरातीवर आणखी पैसे घालून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते सविस्तर मांडता यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी काय बदलले ते पाहू. पूर्वी आपण काही शोधले की दुव्यांची यादी येत असे आणि त्यातला एखादा दुवा उघडल्याशिवाय उत्तर मिळत नसे. मे २०२४ मध्ये गुगलने अमेरिकेत ‘एआय ओव्हरव्ह्यू’ सुरू केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते भारतात इंग्रजी व हिंदीत आले. यात अनेक पाने वाचून यंत्राने तयार केलेले उत्तर यादीच्या वरच दिसते. जुलै २०२५ मध्ये ‘एआय मोड’ भारतात सर्वांसाठी खुला झाला. तेथे तर संपूर्ण शोधच संवादाच्या स्वरूपात चालतो, आणि त्याच वर्षी त्यात मराठी व कन्नड या भाषांचीही भर पडली. ज्याला फक्त माहिती हवी आहे, त्याचे काम आता शोधाच्या पानावरच भागते. ‘कुंदा किती दिवस टिकतो’ असे विचारणारा माणूस आता मिठाईवाल्याच्या पानावर येण्याची शक्यता कमी झाली आहे.

मात्र ‘बेळगावात कुंदा कोठे मिळेल’ असे विचारणाऱ्याला दुकानच हवे असते. त्याच्यासमोर नकाशा, वेळा, छायाचित्रे आणि ग्राहकांचे अभिप्राय येतात आणि तो तेथूनच थेट फोन करतो. अशा ग्राहकाची नोंद संकेतस्थळाच्या आकडेवारीत होत नाही, परंतु गिऱ्हाईक मात्र मिळालेले असते. म्हणून संकेतस्थळावरील भेटी घटल्या म्हणजे धंदा घटला, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी बिझनेस प्रोफाइलमधील (गुगलवर आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) फोन आणि दिशादर्शनाचे आकडे जरूर पाहावेत.

मला खरी चिंता वेगळ्याच गोष्टीची वाटते. यंत्र जे उत्तर तयार करते ते कोणीतरी लिहून ठेवलेल्या मजकुरातूनच तयार होते, आणि आपल्या भागातील व्यवसायांविषयी मराठीत असा मजकूर फारच थोडा आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील ओतकाम करणाऱ्या एखाद्या कारखान्याचे पान उघडून पाहा. ‘उत्तम दर्जा, वाजवी दर, वेळेवर सेवा’ या तीन गोष्टींपलीकडे त्यात बहुधा काही नसते. कोणत्या धातूचे ओतकाम होते, एका नगाचे वजन किती किलोपासून किती किलोपर्यंत असते, मशिनिंग तेथेच होते की बाहेरून करून घ्यावे लागते, नमुना तयार करायला किती दिवस लागतात आणि कोल्हापूर किंवा गोव्याला माल कसा पोहोचवला जातो, यातील एकही गोष्ट लिहिलेली नसते. खरेदीदार मात्र नेमके हेच विचारतो. ज्या पानावर याची उत्तरे आहेत, तेच पान माणसाच्याही उपयोगी पडते आणि यंत्राच्याही.

दुसरा मुद्दा मालकीचा. गुगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट संकेतस्थळ तयार करता येत असे आणि आपल्याकडे अनेकांनी तेवढ्यावरच भागवले होते. मार्च २०२४ मध्ये ती संकेतस्थळे बंद झाली, काही काळ त्यांचे पत्ते प्रोफाइलकडे वळवले गेले आणि जूनमध्ये तेही थांबले. छापील पिशव्यांवर आणि पाट्यांवर लिहिलेले पत्ते निकामी झाले. दुसऱ्याच्या जागेत फुकट बसण्याची सोय कधीही काढून घेतली जाऊ शकते. म्हणून व्यवसाय कितीही लहान असला तरी डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, स्वतःच्या नावावर असावे, त्यावर स्वतःच्या भाषेत लिहिलेला खरा आणि तपशीलवार मजकूर असावा, आणि प्रोफाइल, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांनी माणसांना तेथे आणावे, असा माझा आग्रह आहे. यावर इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

निपाणीकर

अनगोळकर सर, डोमेनच्या मालकीबद्दल आपण लिहिले ते आमच्या बाबतीत शब्दशः खरे ठरले आहे. आमचे हार्डवेअरचे दुकान आहे. ज्या माणसाने आमचे संकेतस्थळ बांधून दिले, त्याने डोमेनची नोंदणी स्वतःच्या ईमेलवर केली होती आणि हे आम्हाला ठाऊक नव्हते. पुढे तो गाव सोडून गेला आणि फोनही उचलेना. मुदत संपल्यावर पान बंद पडले तेव्हा ‘आपले’ डोमेन कागदोपत्री आपले नव्हतेच, हे समजले. आता यातून मार्ग निघू शकतो का?

दुसरा प्रश्न जाहिरातीचा आहे. आमचे निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक कागल आणि गडहिंग्लज बाजूचे आहे. तरीही गुगलवर दिलेल्या जाहिरातीवर फोन येतात ते बहुतेक कर्नाटकाच्या दूरच्या जिल्ह्यांतून. असे का होत असावे?

अनगोळकर

पहिल्या प्रश्नाबाबत वेळ फार महत्त्वाची आहे. मुदत संपलेले डोमेन लगेच बाजारात येत नाही. आधी नूतनीकरणासाठी काही सवलतीचे दिवस असतात, त्यानंतर दंड भरून ते सोडवून घेण्याचा काळ असतो आणि त्यानंतर ते कोणालाही घेता येते. ज्या कंपनीकडे नोंदणी झाली तिचे नाव सार्वजनिक नोंदीत पाहता येते. त्या कंपनीला दुकानाची नोंदणीपत्रे, आपण दिलेल्या पैशांची पावती आणि जुन्या पानाची छायाचित्रे जोडून लेखी अर्ज करावा. नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या संमतीशिवाय ते पटकन हस्तांतर करणार नाहीत, तरीही पत्रव्यवहार झालेला असलेला बरा. प्रयत्न करूनही यश आले नाही तर नवे डोमेन घ्यावे आणि सर्वांत आधी प्रोफाइलमधील जुना पत्ता बदलावा. जुनी डोमेने विकत घेऊन त्यांच्या नावलौकिकावर भलताच मजकूर चढवणारी माणसे आहेत. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या नियमांत या प्रकाराचा गैरवापर म्हणून स्वतंत्र उल्लेख केला आहे. आपल्या दुकानाचा जुना पत्ता उद्या जुगाराच्या पानाकडे जाऊ लागला तर नाव आपले खराब होते.

जाहिरातीबाबत दोन गोष्टी तपासा. जाहिरात उभी करणाऱ्याने ठिकाण म्हणून ‘कर्नाटक’ निवडले असणार. राज्य निवडले की सीमेपलीकडचे कागल हातातून जाते आणि बिदरपासून चामराजनगरपर्यंत सगळीकडे पैसे खर्च होतात. आपल्या भागासाठी राज्याऐवजी दुकानाभोवती त्रिज्या ठरवून द्यावी. निपाणीपासून चाळीस-पन्नास किलोमीटरची त्रिज्या धरली तर कोल्हापूर, कागल, गडहिंग्लज, चिकोडी आणि संकेश्वर ही सर्व गावे त्यात येतात आणि मध्ये राज्याची सीमा आडवी येत नाही. दुसरी गोष्ट ठिकाणाच्या पर्यायांत दडलेली आहे. त्या भागात प्रत्यक्ष असलेल्या माणसांबरोबरच त्या भागात ‘रस दाखवलेल्या’ माणसांनाही जाहिरात दाखवावी, हाच पर्याय तेथे आधीपासून निवडलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानाला त्याचा उपयोग नाही. फक्त तेथे असलेल्या किंवा नेहमी येणाऱ्या माणसांचा पर्याय निवडावा. हॉटेल किंवा मंगल कार्यालय असेल तर मात्र पहिला पर्यायच योग्य ठरू शकतो, कारण त्यांचा ग्राहक दूर बसूनच शोधत असतो.

छपाई_शहापूर

माझा छापखाना आहे. आमच्याकडे बरीच वर्षे साठलेला मराठी मजकूर आहे: लग्नपत्रिका बाजूला ठेवल्या तरी संस्थांचे अहवाल, स्मरणिका, गावांची आणि मंदिरांची माहितीपत्रके असे पुष्कळ काही आहे. काही संस्थांनी या पीडीएफ आपल्या संकेतस्थळावर चढवल्या, तरीही त्यांतील एकही ओळ शोधात येत नाही. ज्यात मराठी अक्षर न् अक्षर आहे, ते गुगलला दिसू नये याचे कारण काय?

शिवाय आमची जुनी यंत्रे विंडोज १० वर चालतात आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. पुढे काय करावे, याचेही मार्गदर्शन हवे आहे.

टिळकवाडी_संगणक

छपाईवाले काका, आपल्या पीडीएफमधील एक परिच्छेद निवडून त्याची प्रत साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तेथे मराठी दिसण्याऐवजी रोमन अक्षरे, कंस आणि विरामचिन्हे यांची अर्थहीन सरमिसळ दिसेल. गुगललाही तीच सरमिसळ दिसते. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळातील मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत. कागदावर छापण्यासाठी ते पुरेसे होते, परंतु फाइलीत साठवलेली अक्षरे रोमनच राहिली. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षरांना ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला स्वतःचे स्थान आहे, त्यामुळे त्यातला ‘क’ कोणत्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो.

पेजमेकरच्या मूळ फाइली असतील तर परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र प्रत्येक जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी असल्यामुळे नेमका तोच फॉन्ट निवडावा लागतो. परिवर्तन झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे यांचे मुद्रितशोधन माणसानेच करावे लागते, कारण चुका तेथेच साचतात. ‘दुकानदाऱ्या’सारख्या शब्दांतील ‘ऱ्य’ तर हमखास बिघडतो. केवळ छापील प्रत हाती असेल तर अक्षरओळख करणारी साधने वापरावीत. स्वच्छ छपाई असेल तर मराठीसाठी ती आता पुष्कळ चांगली चालतात.

एक सूक्ष्म अडचण नव्या मजकुरातही असते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आहे आणि काही कळफलकांवर ते ‘अ’ला अर्धचंद्र जोडूनही लिहिले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, परंतु संगणकासाठी ती वेगळी आहेत. गुगल बहुधा सांभाळून घेते, पण आपल्या स्वतःच्या संकेतस्थळातील शोधपेटी सांभाळून घेईलच असे नाही. एकाच कळफलकाने सर्व मजकूर लिहिला तर हा घोळ टळतो.

विंडोजबद्दल सांगायचे तर वाढीव सुरक्षा अद्ययावत सेवेसाठी नाव नोंदवल्यास घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत मिळते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते आणि ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. छपाईचे जुने सॉफ्टवेअर सोडता येत नसेल, तर ते यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ छपाईसाठी ठेवावे आणि बँक, ईमेल व ग्राहकांच्या फाइली यांसाठी दुसरे यंत्र वापरावे. ग्राहकांचे पेनड्राइव्ह थेट त्या जुन्या यंत्राला लावू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

खानापूर_लेखा

अनगोळकर सर, स्वतःच्या डोमेनवर दुकान उघडण्याचा सल्ला आपण देता तो मला पटतो. मात्र मी हिशेबाचे काम करते, म्हणून एक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण ती सीमाभागातील दुकानदारालाच अधिक भोवते. कर्नाटकात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपये ओलांडेपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना काही अटींवर सूट आहे, पण ती अपवाद म्हणूनच धरावी. राज्याच्या सीमेपासून दूर असलेल्या दुकानदाराला आसपासच्या गिऱ्हाइकांबाबत हा प्रश्न पडत नाही. आपल्याकडे मात्र चंदगडच्या घरी एक पार्सल पाठवले की ती आंतरराज्य विक्री ठरते. ज्यांनी कंपोझिशन योजना (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याची लहान व्यावसायिकांची योजना) घेतली आहे, त्यांना तर दुसऱ्या राज्यात माल विकताच येत नाही.

म्हणून ऑनलाइन विक्रीचे सॉफ्टवेअर निवडताना ग्राहकाच्या पत्त्यावरून कर्नाटकाचा २९, महाराष्ट्राचा २७ आणि गोव्याचा ३० हे संकेतांक ओळखून कर आपोआप विभागून लावता येतो का, ते आधी पाहावे. नंतर हाताने दुरुस्त केलेल्या बिलांचा ताळमेळ लावताना माझ्यासारख्यांचे आणि दुकानदाराचेही फार नुकसान होते.

अनगोळकर

ताई, आपण अतिशय महत्त्वाचा मुद्दा मांडला. ज्यांची नोंदणी नाही त्यांनी संकेतस्थळावर माहिती, दर आणि चौकशीचा क्रमांक द्यावा आणि ऑनलाइन खरेदीचे बटण ताईंसारख्या हिशेबाच्या जाणकाराशी किंवा स्वतःच्या कर सल्लागाराशी बोलूनच लावावे.

टिळकवाडी_संगणक

भाषेबद्दल आणि गावांच्या नावांबद्दल थोडे लिहिते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले असले तरी माणसे मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत जुन्या-नव्या दोन्ही नावांनी शोधतात. एवढ्या मोठ्या शहराची सर्व नावे गुगल एकच मानते, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही. अडचण येते ती लहान ठिकाणांची. शहापूर ठाणे जिल्ह्यात आहे आणि यादगीर जिल्ह्यातही आहे, खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यात आहे, आणि वडगाव तर पुण्याच्या आसपासच कितीतरी आहेत. आपले विणकर पानावर केवळ ‘शहापूर-वडगाव येथील साड्या’ असे लिहितात, तेव्हा यंत्राला नेमके ठिकाण कळत नाही. पहिल्याच परिच्छेदात ‘बेळगाव शहरातील शहापूर’ असे पूर्ण वाक्य असावे, पत्ता व पिनकोड मजकूर म्हणून लिहिलेला असावा, छायाचित्रात कोरलेला नसावा, आणि तोच पत्ता प्रोफाइलमध्ये जसाच्या तसा असावा.

प्रोफाइलमध्ये दुकानाच्या नावापुढे ‘बेळगावातील सर्वांत स्वस्त साड्या’ अशी शेपटी जोडण्याची टूम मध्यंतरी निघाली होती. हे नियमांच्या विरुद्ध आहे आणि त्यामुळे प्रोफाइल स्थगित होऊ शकते. पाटीवर जे नाव आहे तेच तेथे असावे. स्थानिक निकालांसाठी सुसंगती, अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टी पाहिल्या जातात, असे गुगल स्वतः सांगते. अंतर आपल्या हातात नाही, म्हणून उरलेल्या दोन गोष्टींवर प्रामाणिकपणे काम करावे. विकत घेतलेल्या अभिप्रायांनी नावलौकिक मिळत नाही.

भाषांसाठी मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन स्वतंत्र पाने असावीत आणि ती एकमेकांना भाषादर्शक दुव्यांनी जोडावीत. एकाच पानावर तिन्ही भाषांची खिचडी करू नये. गुगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवते, त्यामुळे केवळ वस्तूंची नावे असलेले देवनागरी पान हिंदी समजले जाण्याचा धोका असतो. पूर्ण मराठी वाक्ये लिहिली तर तो राहत नाही. यंत्राने केलेला कन्नड अनुवाद न तपासता चढवणेही योग्य नाही. शेजारच्या कन्नड भाषक ग्राहकाला ती भाषा लगेच खटकते, आणि कोणतीही भर न घालता ढिगाने केलेले यांत्रिक अनुवाद गुगलच्या नियमांनुसार गैरवापरात मोडू शकतात. कन्नड पान कन्नड जाणणाऱ्याकडूनच लिहून घ्यावे. आपल्या भागात अशी माणसे प्रत्येक गल्लीत आहेत.

निपाणीकर

सर, आपण सांगितल्याप्रमाणे त्रिज्या बदलली आहे आणि नवे डोमेन स्वतःच्या ईमेलवर घेतले आहे. आता एक शंका उरली आहे. एका जाहिरात संस्थेच्या प्रतिनिधीने माझ्या पुतण्याच्या संकेतस्थळाचा सर्च कन्सोलमधील (संकेतस्थळ गुगल शोधात कसे दिसते हे मालकाला दाखवणारे गुगलचे साधन) आलेख दाखवला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यात ‘इंप्रेशन’ची, म्हणजे शोधात पान किती वेळा दिसले याची, रेघ एकदम खाली आली आहे. संकेतस्थळावर दंड बसला असून तो काढण्यासाठी मासिक शुल्क भरावे लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. हे खरे असेल का?

अनगोळकर

पैसे देण्यापूर्वी त्याच आलेखातील ‘क्लिक’ची रेघ पाहा. क्लिक पूर्वीइतकेच असतील आणि केवळ इंप्रेशन घटले असतील तर दंडाचा काही संबंध नाही. एका पानावर शंभर निकाल मागवण्याची जी सोय होती ती गुगलने सप्टेंबर २०२५ मध्ये काढून टाकली. क्रमांक तपासणारी स्वयंचलित साधने त्या सोयीचा वापर करून खालच्या क्रमांकाची पानेही उघडत असत आणि त्याची गणना इंप्रेशनमध्ये होत असे. ती गणना थांबल्यामुळे जगभरातील अनेक संकेतस्थळांची रेघ त्याच दिवसांत खाली आली. गुगलच्या माणसाने खरोखर कारवाई केली असेल तर सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ या पानावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. ते पान पुतण्याने स्वतः उघडून पाहावे. तेथे काही नसेल तर त्या प्रतिनिधीला नम्रपणे नकार द्यावा.

एआय ओव्हरव्ह्यू आणि एआय मोडमधून आलेल्या भेटी सर्च कन्सोलमध्ये साध्या वेब शोधातच मिळवलेल्या असतात. त्यामुळे ‘एआयमध्ये तुमचा क्रमांक कितवा’ हे नेमके दाखवणारा अहवाल म्हणून कोणी काही विकत असेल, तर त्यातले आकडे कोठून आले हे आधी विचारावे.

टिळकवाडी_संगणक

त्यालाच जोडून एक तांत्रिक बाब. नवे डोमेन क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांना वेग व संरक्षण पुरवणाऱ्या सेवेवर ठेवणार असाल तर मजकूर गोळा करणाऱ्या एआय यंत्रांना रोखण्याची मांडणी पाहून घ्या. १ जुलै २०२५ पासून नव्या डोमेनसाठी अशा यंत्रांना मूळ मांडणीतच प्रतिबंध असतो. वृत्तपत्राला किंवा लेखकाला ते हवे असेल, कारण त्यांचा मजकूर हेच त्यांचे उत्पन्न आहे. हार्डवेअरच्या दुकानाला मात्र आपले नाव, वेळा आणि मालाची यादी सर्वत्र पोहोचायला हवी असते. गुगलचा नेहमीचा शोधयंत्रमानव (शोधासाठी पाने वाचणारा स्वयंचलित प्रोग्राम) आणि प्रशिक्षणासाठी मजकूर वापरू नये म्हणून दिलेली सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणाला नकार दिला तरी शोधातील स्थान जात नाही, पण शोधयंत्रमानवालाच अडवले तर गुगलला आपले पान वाचता येत नाही आणि ते यादीतून जवळजवळ नाहीसेच होते.

पानाचे वजनही पाहावे. खानापूर तालुक्यातील जंगलपट्ट्यातल्या गावांत अजून फोनला नीट रेंज मिळत नाही. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा आणि स्पर्श केल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, असे गुगलचे निकष आहेत. पहिल्याच पडद्यावर सरकणारी पाच मोठी छायाचित्रे ठेवली तर त्या गावांत हे कधीच साधत नाही.

छपाई_शहापूर

नोटपॅडचा प्रयोग करून पाहिला. अगदी आपण सांगितले तसेच दिसले. एका संस्थेच्या अहवालाची मूळ फाइल सापडली असून परिवर्तनाचे काम मुलाने सुरू केले आहे. युनिकोड मजकूर तयार झाल्यावर जुनी पीडीएफ काढून टाकावी का?

अनगोळकर

काका, काढू नका. पीडीएफचा पत्ता इतरांनी कोठे दिलेला असू शकतो, आणि छापील पानाची मूळ मांडणी अभ्यासकाला हवीच असते. मजकूर साध्या वेबपानावर मथळे आणि परिच्छेद पाडून ठेवावा, त्या पानाच्या वरच्या भागात अहवालाचे वर्ष आणि संस्थेचे पूर्ण नाव लिहावे आणि खाली ‘मूळ छापील प्रत’ म्हणून पीडीएफचा दुवा द्यावा. पान तयार झाले की सर्च कन्सोलमध्ये त्याचा पत्ता टाकून गुगलच्या यादीत नोंद घेण्याची विनंती करावी. पुढील अहवालांसाठी पेजमेकरऐवजी युनिकोड चालणारे सॉफ्टवेअर वापरले तर परिवर्तनाचे हे काम पुन्हा करावे लागणार नाही.